ब्रेक दाबला आणि इंडिकेटर मिणमिणला

जुनी पद्मिनी गाडी बाळगणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा असेल. ब्रेक दाबला की उजवा लाल दिवा झकास लागतो, डावा मात्र जेमतेम तांबूस होतो. वर त्याच बाजूचा इंडिकेटर, ज्याच्या दांडीला कुणी हातही लावलेला नाही, मंद उजळतो. नीट पाहिलं तर पुढचा डावा इंडिकेटरसुद्धा! बघणारा लगेच म्हणतो, "वायरिंग शॉर्ट झालंय." आणि चांगलं चाललेलं वायरिंग डॅशबोर्डखालून उपसायला सुरुवात होते.

पुण्यात नाना पेठेच्या अंगाला एका मिस्त्रींकडे हा दोष निघताना मी पाहिला. गाडी ऐंशीच्या दशकातली, बारा व्होल्टची. मिस्त्रींनी डॅशबोर्डकडे ढुंकूनही पाहिलं नाही. किल्ली ऑन केली, सीट पुढे ओढून एक काठी पेडल आणि सीटच्या मध्ये घट्ट अडकवली. ब्रेक दाबून धरायला माणूस नको, आणि माणसाच्या पायासारखी काठी मध्येच सैल पडत नाही. मग ते सरळ डिकीत शिरले.

मागचा बल्ब 'डबल पॉइंट'चा. एकाच काचेत दोन तारा, 5 वॅटची पार्किंगसाठी आणि 21 वॅटची ब्रेकसाठी. पितळी बुडावरच्या दोन खुंट्या मुद्दाम खालीवर ठेवलेल्या असतात, म्हणजे बल्ब उलटा बसू नये. होल्डर झिजला की तरीही तो उलटा बसतो. मग पार्किंग लावल्यावर भगभगीत उजेड पडतो आणि ब्रेक दाबल्यावर मिणमिणता. इथे बल्ब सरळ होता, दोन्ही तारा शाबूत होत्या. गाडीच्या मालकांनी मल्टिमीटर पुढे केला. बल्ब काढून होल्डरच्या पॉइंटला एक टोक आणि बॅटरीच्या निगेटिव्हला दुसरं लावलं, तर बारा व्होल्ट पूर्ण. करंट येतोय, बल्ब चांगला, मग दिवा का नाही?

"साहेब, मीटर करंट खात नाही, बल्ब खातो," मिस्त्री म्हणाले.

जुन्या गाड्यांची निम्मी दुखणी या एका वाक्यात येतात. 21 वॅटच्या बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात, मीटरला जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे दहा धाग्यांच्या वायरीत एकच धागा उरला असला तरी मीटर खुशाल बारा दाखवतो. बल्ब लावून, ब्रेक दाबलेला असतानाच मोजलं तर मीटर खरं बोलतो. मिस्त्रींनी बल्ब परत बसवला, मीटरचं एक टोक बल्बच्या पितळी बुडाला टेकवलं आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर. इथे आकडा शून्याच्या आसपास हवा. आला सात-आठच्या घरात.

म्हणजे करंट बल्बमधून बाहेर पडतोय, पण परत जायला वाट नाही. या गाड्यांत बॅटरीपर्यंत परतीची वायर नसते, ते काम बॉडीचा पत्रा करतो; यालाच 'अर्थ' म्हणतात. दिव्याचं बूड आणि पत्रा यांचा संबंध तुटला की करंट मिळेल ती वाट धरतो. इथे तो त्याच बुडातून इंडिकेटरच्या बल्बमध्ये उलटा घुसला आणि तिथून वायरीने पुढच्या इंडिकेटरपर्यंत जाऊन तिकडच्या पत्र्यात उतरला. बारा व्होल्ट तीन बल्बांनी वाटून घेतले, म्हणून तिघेही मिणमिणले. शॉर्ट कुठेच नव्हता.

डिकीचं आतलं अस्तर बाजूला केल्यावर दिव्याच्या अर्थचा नट दिसला. त्याखालच्या थिंबलवर, म्हणजे वायरीच्या टोकाच्या कडीवर, हिरवट-पांढरा खरपुडा चढलेला, आणि त्याच्याही खाली रंगाचा जाड थर. कधीतरी गाडी रंगवताना थिंबल काढून पत्र्यावर फवारा मारला आणि रंग न घासताच ते परत बसवलं असणार. चकचकीत रंगकामाने दिवे गेलेल्या गाड्या मी बऱ्याच पाहिल्यात. रंगारी आणि वायरमन यांनी एकमेकांशी बोलावं, असं फार वाटतं. मिस्त्रींनी पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासला, थिंबल घासलं, वर थोडं व्हॅसलीन लावून नट आवळला. डावा दिवा उजव्याइतकाच पेटला आणि इंडिकेटर गप्प झाले.

दोन्ही ब्रेक लाईट एकदमच गेले, तर मात्र डिकीत शिरू नये. दोन अर्थ एकाच वेळी सहसा जात नाहीत. आधी फ्यूज पाहावा. या गाड्यांचे दोन्ही टोकांना निमुळते फ्यूज नुसत्या स्प्रिंगच्या पट्टीत उभे असतात आणि पट्टीवर गंज धरला की चांगला फ्यूजही काम देत नाही. बोटाने तो जागच्या जागी फिरवून बघायचा. त्यानंतर ब्रेकचा स्विच. या गाडीत तो पेडलपाशी नाही, ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो. त्याच्या दोन वायरी काढून एकमेकींना टेकवल्या आणि दिवे लागले, तर स्विच गेला. म्हातारा स्विच एकदम मरत नाही. आधी जोरात ब्रेक मारल्यावरच लागतो, हळू दाबल्यावर लागत नाही, आणि मागच्याला नेमका हळू ब्रेकचाच इशारा हवा असतो. स्विचच्या टोकांशी ओल दिसली तर ते ब्रेक ऑइल आहे. तेव्हा दिव्याचं राहू द्या, आधी ब्रेकचं बघा. नवा स्विच बसवल्यावर लाईनमधली हवा काढावीच लागते, तोवर गाडी हलवू नये.

नव्या गाड्यांना मागच्या काचेत तिसरा दिवा असतो. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेल्या पद्मिनीला मात्र खाली दोनच, आणि तेही लहान. म्हणून संध्याकाळी गाडी बाहेर काढण्याआधी भिंतीला पाठ करून उभी करा, ब्रेक दाबा आणि आरशात भिंतीवरचे दोन लाल डाग बघा. ते सारखे दिसले नाहीत, तर नवा बल्ब विकत आणण्याआधी डिकीतला अर्थचा नट सोडवून घासा.