भूवैज्ञानिक क्षेत्राभ्यास : कराड परिसर

भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी वर्ग व प्रयोगशाळा यांच्याबाहेर जाऊन खडक, खनिजे, भूरूपे व त्यांचे परस्परसंबंध यांचे प्रत्यक्ष जागेवर केलेले निरीक्षण, मापन व नकाशांकन यांस भूवैज्ञानिक क्षेत्राभ्यास म्हणतात. प्रयोगशाळेत खडकाचा हातात मावेल एवढा तुकडा पाहता येतो; तो तुकडा ज्या थरातून आला, तो थर किती जाड आहे, त्याच्या वर व खाली काय आहे आणि त्यावर पाणी, वारा व ऊन यांचा काय परिणाम झाला आहे, हे मात्र जागेवर गेल्यावरच कळते. म्हणून भूविज्ञानाच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत क्षेत्राभ्यास आवश्यक मानलेला असतो. स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही धरणे, बोगदे व रस्ते यांच्या दृष्टीने त्याची गरज असते.

महाराष्ट्रात अशा अभ्यासास सोयीच्या प्रदेशांपैकी सातारा जिल्ह्यातील कराड व त्याच्या पश्चिमेकडील कोयना खोरे हा एक होय. कराड येथे भूविज्ञान शिकविणारे विज्ञान महाविद्यालय असून १९६० मध्ये स्थापन झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. कराडपासून कुंभार्ली घाटापर्यंतच्या मार्गात नदीचा गाळ, बेसाल्टाचे थर, जांभ्याची पठारे, मोठे धरण व भूकंपक्षेत्र ही सर्व दोन-तीन दिवसांत पाहता येतात. प्रदेश निसर्गरम्य आहे, परंतु त्याच्या रमणीयतेमागील कारणे माणसाला अनेकदा महागात पडलेली आहेत. यामुळे येथील क्षेत्राभ्यासाला केवळ शैक्षणिक नव्हे, तर व्यावहारिक महत्त्वही आहे.

पूर्वतयारी व साधने : भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलवर्णनात्मक नकाशे (कराडसाठी ४७ के व कोयना खोऱ्यासाठी ४७ जी या मालिकांतील) आधी वाचून मार्ग व थांबे ठरविले जातात. हातोडा, होकायंत्र, नतिमापक, भिंग, विरल हायड्रोक्लोरिक अम्लाची कुपी, मोजपट्टी, नमुन्यांसाठी पिशव्या व नोंदवही ही नेहमीची साधने होत. ह्या प्रदेशात उंचीमापकाचे महत्त्व विशेष आहे. गाळाच्या व वलित खडकांच्या प्रदेशांत थरांची नती व तिची दिशा मोजण्यावर भर असतो. येथे लाव्हाचे थर जवळजवळ आडवे असून त्यांचा कल बहुधा एका अंशाहूनही कमी असतो. त्यामुळे एखादा थर एका टेकडीवरून दुसरीवर ओळखायचा, तर तो समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आढळतो, हे अचूक नोंदवावे लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ अभ्यासास उत्तम असतो. पावसाळ्यात ओढ्यांना पाणी असते व गवताने खडक झाकले जातात. पुढे उन्हाने चढण कष्टाची होते.

भूवैज्ञानिक पार्श्वभूमी : हा सर्व प्रदेश दक्षिण ट्रॅप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ज्वालामुखी खडकांचा आहे. सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस कालाच्या अखेरीस, भेगांतून बाहेर पडलेला लाव्हा एकावर एक पसरत गेला. आज उरलेल्या ह्या खडकांनी सु. ५ लाख चौ. किमी. क्षेत्र व्यापले आहे. 'ट्रॅप' हा शब्द पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. कठीण थराचा उभा कडा व मऊ थराचा उतार हे आलटूनपालटून आल्याने येथील डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, म्हणून हे नाव अन्वर्थक आहे. दोन लाव्हाथरांच्या मध्ये काही ठिकाणी काही सेंमी. ते एखादा मी. जाडीचा तांबड्या मातीचा थर आढळतो. खालच्या थराचा पृष्ठभाग हवेत उघडा राहून कुजला व नंतर आलेल्या तप्त लाव्हाने भाजला गेला, असा त्याचा अर्थ लावतात. म्हणजे तांबडा पट्टा हा दोन उद्रेकांमधील विश्रांतीची खूण होय.

कराड व प्रीतिसंगम : कराड समुद्रसपाटीपासून सु. ५६५ मी. उंचीवर आहे. कृष्णा व कोयना ह्या दोन्ही नद्या महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावतात, वेगवेगळ्या खोऱ्यांतून वाहतात आणि कराड येथे जवळजवळ समोरासमोर येऊन मिळतात. नंतर संयुक्त प्रवाह काटकोनात पूर्वेकडे वळतो. कोयना उगमापासून हेळवाकपर्यंत सु. ६५ किमी. सरळ दक्षिणेकडे वाहते व तेथे एकाएकी पूर्वेस वळते. नदीच्या अशा सरळ रेषा व काटकोनी वळणे यांवर खडकांतील भेगांचे नियंत्रण असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. संगमाजवळच्या काठांवर गाळाचे उभे छेद दिसतात. वाळू व गोटे यांचे पट्टे, त्यांवरील बारीक मातीचा थर आणि मातीतील चुनखडे यांचा क्रम मोजून विद्यार्थी नदीच्या जुन्या पुरांविषयी अनुमान करू शकतात. चुनखड्यावर अम्लाचा थेंब टाकताच तो फसफसतो. बेसाल्टावर तसे होत नाही.

आगाशिव डोंगर : कराडच्या नैर्ऋत्येस असलेल्या ह्या डोंगरात, जखिणवाडीच्या बाजूस, प्राचीन बौद्ध लेणी आहेत. चढताना पायथ्याचा मुरूम, त्यावरील कुजून कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटणारा खडक आणि वरचा अभंग काळा कातळ असा वातावरणक्रियेचा क्रम पाहता येतो. लाव्हातील वायूंच्या बुडबुड्यांमुळे पडलेल्या पोकळ्या थराच्या माथ्याकडे अधिक व मध्यभागी विरळ असतात. त्यामुळे थराची खालची व वरची बाजू ओळखता येते. ह्या पोकळ्या पुढे झिओलाइट, कॅल्साइट, अकीक इ. खनिजांनी भरल्या जातात. लेणी कोरणाऱ्यांनी विशिष्ट पातळीवरील कातळ का निवडला असावा, हा प्रश्न येथे विद्यार्थ्यांना घालण्याजोगा आहे. लेण्यांच्या जागी हातोडा चालवू नये. नमुने ओढ्यातील सुट्या दगडांतून घ्यावेत.

सडावाघापूरचे पठार : पाटण तालुक्यातील ह्या पठाराच्या नावातील 'सडा' हा शब्द उघड्या कातळाचा माळ दर्शवितो. हा कातळ जांभ्याचा आहे. उष्ण व दमट हवामानात बेसाल्टातील सिलिका व विद्राव्य द्रव्ये निघून जाऊन लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरतात. त्यांपासून हा तांबडा, सच्छिद्र खडक बनतो. पाचगणीचे पठार आणि साताऱ्याजवळील कासचे पठार यांवरही असाच जांभा आहे. दूरवर पसरलेले हे सपाट माथे साधारणपणे सारख्या उंचीवर आढळत असल्याने ते एकेकाळच्या सलग भूपृष्ठाचे अवशेष असावेत, असे मानतात. जांभ्यावरील मातीचा थर अत्यंत पातळ असून त्यावर पावसाळ्यानंतर काही आठवडेच फुलणाऱ्या वनस्पती वाढतात. पश्चिम घाटातील ज्या स्थळांचा २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत कासचा अंतर्भाव आहे. अशा पठारांवर ठरलेल्या वाटेनेच चालणे हा क्षेत्राभ्यासाचा शिष्टाचार होय.

कोयनानगर व १९६७ चा भूकंप : क्षेत्राभ्यासाचा सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच आहे. हेळवाकजवळ कोयना नदीवर १०३ मी. उंचीचे धरण बांधण्यात आले व १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागले. जलाशयाचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेस नेऊन वीज निर्माण केली जाते. पाणी साठू लागल्यावर परिसरात लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ६ हून अधिक परिमाणाचा भूकंप झाला. कोयनानगरातील बहुतेक घरे कोसळली व सु. १८० माणसे दगावली. धरणाच्या काही उंच भागांत आडव्या भेगा पडल्या. पुढे ते भाग भक्कम करण्यात आले. दोणीचावाडा ह्या भागात जमिनीला भेगा पडल्या होत्या.

भारतीय द्वीपकल्प हे प्राचीन व स्थिर भूखंड असून तेथे मोठे भूकंप होत नाहीत, अशी तोपर्यंत समजूत होती. कोयनेच्या भूकंपाने ती हादरली. जलाशयाच्या पाण्याचा भार आणि खोल भेगांत झिरपलेल्या पाण्याचा दाब यांमुळे, आधीच ताणाखाली असलेल्या विभंगाच्या पृष्ठांवरील घर्षणाचा विरोध कमी होतो व खडक सरकतात, असे स्पष्टीकरण आता सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. जलाशयाने भूकंपाची शक्ती निर्माण केली नाही. साठलेली शक्ती मोकळी होण्यास निमित्त पुरविले, हा भेद विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. १९८० नंतर वारणा जलाशय भरू लागल्यावर भूकंपक्षेत्र दक्षिणेकडे वाढले. तरीही धक्के सु. ३० × २० किमी. एवढ्याच क्षेत्रात व बहुधा १० किमी. पेक्षा कमी खोलीवर होतात. इतक्या मर्यादित क्षेत्रात दीर्घकाळ भूकंप होत राहिल्याने हे स्थान जगभरच्या अभ्यासकांच्या दृष्टीने मोलाचे ठरले आहे.

ह्या कारणासाठी येथे खोल वेधन करण्यात आले. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने त्याकरिता कराड येथे बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी ही संस्था स्थापन केली. रासाटी येथील वेधनात ९३३ मी. व गोठणे येथील सु. ३ किमी. खोल वेधनात (२०१७) १,२४७ मी. जाडीचा बेसाल्ट आढळला. त्याखाली गाळाचे खडक न लागता थेट अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक लागले. विद्यार्थी कराडपासून घाटमाथ्यापर्यंत जो काळा कातळ तुडवीत येतो, तो म्हणजे एक आच्छादन असून भूकंपांचा उगम त्याखालच्या, पृष्ठावर कोठेही न दिसणाऱ्या खडकांत आहे, हे यावरून स्पष्ट झाले. मातीत पुरलेल्या खडकाविषयी पृष्ठावरून किती सांगता येते व किती येत नाही, याची ही उत्तम शिकवण होय.

कुंभार्ली घाट व दरडी : कोयनानगरापुढे कराड–चिपळूण रस्ता कुंभार्ली घाटाने कोकणात उतरतो. रस्त्यासाठी खोदलेल्या छेदांत लाव्हाचे अनेक थर एकाखाली एक पाहता येतात. स्तंभाकार संधी, पोकळ्यांचे पट्टे, तांबड्या मातीचे थर व त्यांवरून पाझरणारे पाणी यांची नोंद करून छेदाचे रेखाचित्र काढणे हा येथील नेहमीचा पाठ असतो. वाहनांची वर्दळ व सुटणारे दगड यांमुळे गटाने एका बाजूस थांबणे व कड्याखाली न बसणे आवश्यक असते.

पाझराची नोंद का करायची, याचे उत्तर पाटण तालुक्यातच मिळते. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे दरडी कोसळून अनेक जीव गेले. उतारावर कुजलेल्या खडकाचा व मातीचा जाड थर असतो. त्यात मुरलेले पाणी खालच्या अभंग कातळाशी किंवा चिकण तांबड्या मातीशी अडते. थराचे वजन वाढते, त्याची पकड सुटते व तो घसरतो. नवी भेग, वाकलेली झाडे, एकाएकी गढूळ झालेला किंवा जागा बदललेला झरा या पूर्वखुणा होत. त्या ओळखण्यास महागडी उपकरणे लागत नाहीत. सवयीची नजर लागते.

नोंदी व अहवाल : दर थांब्यावर स्थान, उंची, खडकाचे वर्णन, थराची जाडी, रेखाचित्र व नमुन्याचा क्रमांक यांची नोंद जागेवरच करतात. प्रत्यक्ष पाहिलेले व त्यावरून केलेले अनुमान स्वतंत्र लिहिण्याचा दंडक पाळला जातो. परतल्यावर नमुन्यांचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासून, भूवैज्ञानिक नकाशा व छेद तयार करून अहवाल पूर्ण करतात. ह्या प्रदेशातील रहिवासी ओढे, झरे व उतार यांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. त्यांची माहिती आदराने विचारून नोंदवहीत घेणे आणि आपल्याला कळलेले त्यांना समजेल अशा भाषेत सांगणे, हाही ह्या अभ्यासाचाच भाग समजला पाहिजे.