धान्याची भाववाढ आणि दारिद्र्य

धान्य महागले की शेतकऱ्याचे भले होते आणि नुकसान काय ते शहरी ग्राहकाचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. विकसनशील देशांचा अनुभव याहून गुंतागुंतीचा आहे. भाववाढीची झळ अनेकदा शेती करणाऱ्या कुटुंबालाच अधिक लागते. असे का घडते, हे प्रस्तुत लेखात पाहू.

जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये दाखवून दिले, की उत्पन्न जितके कमी तितका त्यातील अन्नखर्चाचा वाटा अधिक. समजा, एका कुटुंबाचे मासिक उत्पन्न १०,००० रुपये व अन्नखर्च ६,००० रुपये आहे. दुसऱ्याचे उत्पन्न १,००,००० रुपये व अन्नखर्च १५,००० रुपये आहे. अन्न २० टक्क्यांनी महागल्यास पहिल्या कुटुंबावर उत्पन्नाच्या १२ टक्के बोजा पडतो, दुसऱ्यावर केवळ ३ टक्के. दुसऱ्याची बचत थोडी घटते. पहिले मात्र प्रथम डाळ, दूध व भाजी कमी करते, मग औषधोपचार लांबणीवर टाकते आणि अखेर मुलाची शाळा सोडवते. भाव पुढे उतरतातही. परंतु सुटलेली शाळा आणि बालपणीचे कुपोषण सहसा भरून निघत नाही.

२००८ साली याचा जागतिक प्रत्यय आला. जानेवारीत टनामागे ४०० डॉलरहून स्वस्त असलेला थायलंडचा तांदूळ एप्रिलमध्ये ९०० डॉलरच्या पुढे गेला. भारत व व्हिएतनाम यांनी स्वदेशी ग्राहकांच्या हितासाठी निर्यातीवर घातलेले निर्बंध हे त्याचे एक प्रमुख कारण होते. हैती या देशाने १९९५ मध्ये तांदळावरील आयातशुल्क ३ टक्क्यांपर्यंत उतरवले होते. स्वस्त आयातीपुढे तेथील भातशेती खालावली आणि देश परदेशी तांदळावर विसंबला. त्यामुळे एप्रिल २००८ मध्ये महागाईविरुद्ध दंगली उसळल्या व पंतप्रधानांना पदच्युत व्हावे लागले.

आता शेतकऱ्याकडे वळू. भाववाढीचा लाभ वर्षाकाठी खरेदीपेक्षा विक्री अधिक करणाऱ्यालाच होतो. अल्पभूधारकाची स्थिती बहुधा उलट असते. सुगीच्या वेळी देणी भागवण्यासाठी तो पडत्या भावात धान्य विकतो आणि काही महिन्यांनी तेच धान्य चढ्या भावाने विकत घेतो. भूमिहीन मजुराकडे तर विकण्यासाठी केवळ श्रम असतात, आणि मजुरीचे दर धान्याच्या भावामागून सावकाश वाढतात. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे विश्लेषण करताना अमर्त्य सेन यांनी हेच दाखवले, की प्रश्न केवळ धान्य किती आहे एवढाच नसून ते मिळवण्याची क्षमता कोणाकडे आहे, हाही असतो.

आपल्या देशात २०२३-२४ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीनुसार ग्रामीण भागात एकूण खर्चापैकी सुमारे ४७ टक्के, तर शहरी भागात सुमारे ४० टक्के खर्च अन्नावर होतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ व शहरी लोकसंख्येच्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना स्वस्त धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत दिले जात आहे. तांदूळ व गव्हाच्या भाववाढीविरुद्ध ही मोठी ढाल आहे. परंतु डाळी, खाद्यतेल व भाजीपाला यांना तिचे संरक्षण बहुतांशी नाही.

या साखळीत बँकेलाही स्थान आहे. अल्पभूधारकाचे नुकसान मुख्यतः सुगीच्या घाईच्या विक्रीत होते. नोंदणीकृत गोदामात माल ठेवून त्याच्या पावतीवर कर्ज मिळाले, तर देणी भागतात आणि योग्य भावाची वाट पाहता येते. २००७ च्या गोदाम विकास व नियमन कायद्याने अशा पावत्यांना कायदेशीर आधार दिला. अर्थात, भाव वाढतीलच याची हमी नसते, आणि ही गोष्ट कर्जदाराला आधीच स्पष्ट सांगितली पाहिजे. तथापि, कधी विकायचे हे गरजेने न ठरता शेतकऱ्याने स्वतः ठरवणे, हीच दारिद्र्याच्या फेऱ्यातून बाहेर पडण्याची एक पायरी होय.