कागदावरचा संगणक

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या काही तरुणांनी ‘झॉर्क’ नावाचा खेळ लिहिला. त्यात चित्र एकही नव्हतं. दिवा लाव, उत्तरेला जा अशा इंग्रजी आज्ञा टाइप करायच्या आणि पडद्यावर उमटणारं वर्णन वाचत भुयारातून वाट काढायची. खेळ चालायचा पीडीपी-१० या अवाढव्य संगणकावर. १९७९ मध्ये याच मंडळींनी इन्फोकॉम ही कंपनी काढली, तेव्हा तो घरगुती संगणकांवर उतरवायचा होता. त्यांची मेमरी तुटपुंजी. शिवाय ॲपलचा प्रोसेसर एक, टीआरएस-८० चा दुसराच.

इन्फोकॉमच्या जोएल बेरेझ आणि मार्क ब्लँक यांनी यावर काढलेला तोडगा मला आजही विलक्षण देखणा वाटतो. त्यांनी अस्तित्वातच नसलेला एक संगणक कागदावर आखला : झेड-मशीन. खेळ ‘झिल’ या खास भाषेत लिहायचा, कंपायलरनं त्याचं रूपांतर झेड-मशीनला कळणाऱ्या सूचनांत करायचं. प्रत्येक खऱ्या संगणकासाठी त्या सूचना पाळणारा छोटा इंटरप्रिटर तेवढा लिहायचा. तो एकदा झाला की सगळे खेळ तिथं चालत.

यंत्र आपणच आखायचं, तर ते कामाच्या मापाचं आखता येतं. एक वस्तू दुसरीत ठेवणं, म्हणजे कंदील पेटीत टाकणं, ही झेड-मशीनची एकच सूचना आहे. मजकुराची बांधणी तर बघण्यासारखी. एरवी अक्षराला आठ बिट लागतात, इथं पाच. पाच बिटांत ३२ संकेत बसतात. झेड-मशीनच्या गाजलेल्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांपैकी २६ इंग्रजी लहान अक्षरांना, एक मोकळ्या जागेला, दोन मोठ्या अक्षरांकडे आणि चिन्हांकडे वळायला, उरलेले तीन वारंवार येणाऱ्या शब्दांच्या संक्षेपांना. तीन संकेतांचे १५ बिट दोन बाइटांत जातात. सोळावा बिट मजकूर संपला का, ते सांगतो. न बदलणारा बराचसा भाग फ्लॉपीवरच राही, लागेल तसा मेमरीत येई. तरीही ‘झॉर्क’चे तीन भाग करावे लागलेच.

इन्फोकॉम १९८९ मध्ये बंद पडली. १९९३ मध्ये ग्रॅहम नेल्सन यांनी झेड-मशीनसाठी ‘इन्फॉर्म’ ही नवी भाषा आणली, पुढे या यंत्राचे नियमही तपशीलवार लिहून काढले. ते इंटरनेटवर मोफत मिळतात. कंपायलर शिकणाऱ्या मुलांनी ते समोर ठेवून तिसऱ्या आवृत्तीचा इंटरप्रिटर स्वतः लिहून पाहावाच.