सोराफेनिब स्वस्त झालं, त्यानंतर

ब्रह्मपुरी म्हणजे दवाखान्यांचं गाव. वैनगंगेपलीकडच्या वडसा, आरमोरी, कुरखेड्याचा माणूस दुखणं घेऊन आधी इथंच येतो. सोनोग्राफीत यकृतावर गाठ दिसली की चिठ्ठी मिळते नागपूरची. गाठ कापा, जाळा किंवा तिचा रक्तपुरवठा तोडा, यकृताचा कर्करोग उलटण्यात पटाईत. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे ७० टक्के रुग्णांत तो पाच वर्षांत परततो; कारण हिपॅटायटीस-बी किंवा दारूनं उरलेलं यकृतही बहुधा आधीच खराब झालेलं असतं.

हाताबाहेर गेलेल्या रोगावर २००७ मध्ये सोराफेनिबची गोळी आली. महिन्याचा खर्च २ लाख ८० हजार. धान पिकवणाऱ्या घरात विषय तिथंच संपायचा. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून नॅटको कंपनीला तेच औषध बनवण्याचा सक्तीचा परवाना मिळाला, देशातला पहिलाच, आणि भाव ८,८८० वर आला. पेटंटधारक बायर कंपनी उच्च न्यायालयात गेली, २०१४ मध्ये तिथंही हरली. दरम्यान जुलै २०१२ मध्ये गरिबांना मोफत उपचार देणारी राज्याची जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत गडचिरोली होता, चंद्रपूर नव्हता. म्हणजे वडशाच्या रुग्णाला योजना लागू, नदीअलीकडच्या ब्रह्मपुरीकरानं मात्र नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबायचं!

एवढ्या झगड्यातून हाती काय आलं? मूळ चाचणीत निम्मे रुग्ण जगले तो काळ ७.९ वरून १०.७ महिन्यांवर गेला. ते जवळपास तीन महिने मोलाचेच. पण शेवटचे दिवस घरीच निघतात. पोट पाण्यानं टरारतं, काविळीनं अंगभर खाज सुटते, कूस दुखते. मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकानं किडनी बसू शकते, रक्ताची उलटीही होऊ शकते. इथं कामाचं मॉर्फिन, तेही कमी मात्रेत आणि जास्त अंतरानं. सोबत पोट साफ ठेवणारं लॅक्टुलोज, नाहीतर रुग्ण बरळू लागतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं मॉर्फिन परवान्यांच्या जंजाळात अडकवलं होतं. २०१४ च्या दुरुस्तीनं ते जंजाळ बरंच सैल केलं, पण त्याची चर्चा सोराफेनिबच्या निम्मीही झाली नाही. माझ्या मते आपल्या भागासाठी तीच बातमी मोठी होती.

नागपूरहून सुट्टी घेताना तीन गोष्टी विचारून घ्या: मॉर्फिन कोण लिहून देणार, ते कुठून मिळणार आणि पोटातलं पाणी ब्रह्मपुरीतच कोण काढून देईल. उत्तरं कार्डावर लिहून मागा.