शिर्डी ते दिल्ली हजार किलोमीटर, मग दोन तास कशाला?

काकडीच्या, म्हणजे शिर्डीच्या, विमानतळावर लेकीला सोडायला आलेल्या राहात्याच्या एका काकांनी मोबाइलवर हिशोब मांडला होता. शिर्डी-दिल्ली हवाई अंतर साधारण १,०२५ किलोमीटर, विमान ताशी आठशेच्या वर पळतं, म्हणजे सव्वा तास. मग तिकिटावर जवळपास दोन तास का? "उशीर झाला तरी कुणी बोलू नये म्हणून असेल," असं त्यांनीच उत्तर दिलं.

त्यात थोडं तथ्य आहे, कंपन्या काही मिनिटं हातची राखतातच. पण मुख्य कारण वेगळं. तिकिटावरची वेळ हवेतली नसते. विमान जागेवरून हललं तेव्हापासून दिल्लीत जागेवर उभं राहीपर्यंतची ती वेळ. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, दिल्लीजवळ वेग कमी करून उतरणाऱ्यांच्या रांगेत घिरट्या घालणं, सगळं त्यात आलं. आठशेचा वेग फक्त मधल्या टप्प्यात मिळतो. म्हणूनच हैदराबादच्या पाचशे किलोमीटरला एटीआरसारखं पंख्याचं विमान जेटच्या फार मागे पडत नाही.

दुसरा समज जास्त चिवट आहे: पृथ्वी खालून फिरते, म्हणून एका दिशेला लवकर पोचतो. तसं असतं तर काकडीवर नुसतं वर तरंगून मुंबईची वाट पाहिली असती! पृथ्वीबरोबर हवाही फिरते. फरक पाडतो तो उंचावरचा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावर तो ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. लंडनहून मुंबईला येताना पाठीशी, जाताना तोंडावर. तासाभराचा फरक सहज पडतो.

नकाशावरची सरळ रेषाही फसवते. मुंबई-न्यूयॉर्क सर्वांत जवळची वाट अरबी समुद्रावरून पश्चिमेला जात नाही. ती उत्तरेला वळून रशिया, स्कँडिनेव्हियाकडून जाते. घरातल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, लगेच दिसेल. प्रत्यक्ष विमान त्या दोऱ्यावरूनच जाईल असंही नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि पश्चिमेकडची कित्येक उड्डाणं लांबली. शहरं मात्र होती तिथेच होती.

आणि घड्याळ. उन्हाळ्यात मुंबईहून रात्री दोनला निघून न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी आठला उतरलात, तर प्रवास सहा तासांचा नव्हे, साडेपंधरा तासांचा झाला. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. मधले साडेनऊ तास आपण मिळवायचे. हिवाळ्यात साडेदहा, कारण तिकडे घड्याळं मागे घेतात.

राहता राहिलं नाव. २०१७ मध्ये सुरू झालेला शिर्डी विमानतळ शिर्डीत नाही, कोपरगाव तालुक्यातल्या काकडीत आहे. नगरहून गाडीने निघालात तर तिथे पोचायला दोन तास तरी धरा, म्हणजे दिल्लीच्या विमानाइतकेच.