तेराची अट आणि नऊचा चिरंजीव

मुलांना कोणता सिनेमा दाखवावा, या विषयावर मी व्याख्यान देऊ शकतो. आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवात एकदा दिलेही आहे, आणि लोकांनी ते मुकाट्याने ऐकून घेतले आहे. पण खरी परीक्षा घरीच झाली. २०२५ च्या जुलैत नागपुरात 'सुपरमॅन' लागला आणि आमच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांनी जेवताना जाहीर केले, "बाबा, वर्गातले सगळे पाहून आले. मीच तेवढा राहिलो!"

'सगळे' म्हणजे तिघे, हे चौकशीअंती कळले.

मी प्रमाणपत्र पाहिले. 'यूए १३+'. पूर्वी 'यूए' म्हटले की बारा वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांनी विचार करावा, एवढाच अर्थ असे. २०२३ च्या कायदादुरुस्तीने त्याचे सात, तेरा आणि सोळा असे तीन भाग पाडले. पण तेराखालच्यांना मज्जाव नाहीच, ठरवायचे आईबापांनी. 'ए' असते तर दारावरच्या माणसाने अडवले असते आणि मी सुटलो असतो!

सौ. म्हणाली, "तुमच्या आईंनी त्याला पाचव्या वर्षी नरसिंहाची गोष्ट सांगितली. हिरण्यकशिपूचे पोट फाडल्यासकट. तेव्हा कुठे प्रमाणपत्र मागितले होते?"

यावर उत्तर नव्हते. तरी माझ्या मनात भीती होती ती नकलेची. १९९७ साली दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाला, तेव्हा आमच्या वाड्यातली पोरे स्वतःभोवती गरगर फिरून भोवळ येऊन पडत. 'माझी नक्कल करू नका' असे खुद्द मुकेश खन्नांना पडद्यावरून मुलांना बजावावे लागले होते.

शेवटी एका पावसाळी रविवारी आम्ही बर्डीवर गेलो. चुंबनाची चिंता नव्हती. तेहतीस सेकंदांचे चुंबन परीक्षण मंडळाने आधीच कापल्याचे वर्तमानपत्रांत छापून आले होते. मी अंधारात बोटांवर ठोसे मोजू लागलो.

"बाबा, तुम्ही काय मोजून राहिले?" चिरंजीवांनी कुजबुजत विचारले. मी हात खिशात घातला.

इमारती कोसळल्या, राक्षस लोळले. त्याचे डोळेही लवले नाहीत. मध्येच एक साधा प्रसंग आला. रस्त्यावर खाद्यपदार्थ विकणारा एक माणूस, पडलेल्या सुपरमॅनला हात देऊन उठवणारा. कोठडीत हतबल झालेल्या सुपरमॅनच्या डोळ्यांदेखत खलनायक त्याला पिस्तुलाने मारतो. चिरंजीवांनी माझी बाही घट्ट धरली, ती बराच वेळ सोडली नाही.

रात्री दिवा मालवल्यावर अंधारातून आवाज आला, "बाबा, त्यानं तर नुसता हात दिला होता ना?"

"हो."

"मग मी कुणाला मदत केली, तर मलाही...?"

व्याख्यान तयार होते. तोंडातून शब्द फुटेना. मी पुन्हा दिवा लावला आणि त्याच्या उशाशी बसलो. म्हणालो, "त्या माणसाला उडता येत नव्हतं. तरी सुपरमॅन पडला, तेव्हा त्याला उठवलं कुणी?"

तो विचारात पडला. "म्हणजे तो पण हिरोच," असे म्हणून थोड्या वेळाने झोपला. मला मात्र झोप आली नाही. मी ठोसे मोजत होतो, सरकारने सेकंद मोजले होते. आणि काटा रुतला तो तिसऱ्याच ठिकाणी.

वाचकहो, माझा निकाल विचाराल तर नऊ वर्षांच्या मुलाला हा सिनेमा थोडा लवकरच झाला. अकरा-बारा वर्षांच्याला खुशाल न्यावे. पण त्याला मित्रांबरोबर धाडून मोकळे होऊ नका, शेजारी बसा. आजीची गोष्ट पचत होती ती आजीची मांडी जवळ होती म्हणून. आणि त्या रात्री दिवा जरा उशिरा मालवा. खरा सिनेमा तेव्हा सुरू होतो.