विजेचा भात-कुकर : निवड व वापर

भात हे कोकणातील, मावळातील व पूर्व विदर्भातील शेतकरी कुटुंबांचे मुख्य अन्न होय. दिवसातून दोन वेळा भात शिजवावयाचा म्हणजे गृहिणीस प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास चुलीजवळ अडकून पडावे लागते. सरपण ओले असल्यास धुराचा त्रास होतो तो निराळाच. विजेवर चालणारा लहान भात-कुकर या कामाचा भार पुष्कळच हलका करू शकतो. मात्र हे साधन कसे चालते हे समजून न घेता ते घरी आणल्यास भात बिघडतो, वीज वाया जाते व प्रसंगी जीवासही धोका उत्पन्न होतो. म्हणून कुकर घेण्यापूर्वी व घेतल्यानंतर कोणत्या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, याची माहिती येथे देत आहोत.

कुकर आपोआप कसा बंद होतो?

घरगुती उपयोगाचा आपोआप बंद होणारा भात-कुकर डिसेंबर १९५५ मध्ये जपानात तोशिबा कंपनीने विक्रीस आणला. तो मिनामी योशितादा या लहान कारखानदाराने तयार केला होता, व निरनिराळ्या हवामानात भात शिजवून पाहण्याचे चिकाटीचे काम त्यांच्या पत्नी फुमिको यांनी केले होते. त्या कुकरात एकात एक अशी दोन भांडी असत. बाहेरच्या भांड्यातील मोजके पाणी आटले की उष्णता एकदम वाढे व खटका पडून वीज बंद होई.

आजच्या साध्या कुकरात एकच भांडे असते, परंतु तत्त्व तेच आहे. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. भांड्यात मोकळे पाणी असेतोपर्यंत उष्णता या मर्यादेपलीकडे फारशी जात नाही. सर्व पाणी तांदळाने शोषले किंवा वाफ होऊन गेले, म्हणजे भांड्याचा तळ त्याहून अधिक तापू लागतो. तापणाऱ्या तबकडीच्या मध्यभागी स्प्रिंगवर बसविलेले एक बटण असते व त्यात लोहचुंबक असते. ठराविक उष्णतेला हे चुंबक आपली ओढ सोडते व खटका वर उडतो.

यावरून मुख्य गोष्ट लक्षात येईल. भात शिजला की नाही हे कुकरला कळत नाही. पाणी संपले एवढेच त्याला कळते. पाणी कमी पडल्यास भात कच्चट असतानाच खटका उडेल, व पाणी जास्त झाल्यास भाताचा गोळा होईपर्यंत उडणार नाही. पेज किंवा पातळ खिचडी केल्यास खटका वेळेवर उडतच नाही व फेस बाहेर सांडतो. असे पदार्थ शिजल्यावर कुकर हातानेच बंद केला पाहिजे. सारांश, पाण्याचे माप ठरविण्याचे काम पूर्वीप्रमाणेच गृहिणीकडे राहते.

कोणत्या आकाराचा कुकर घ्यावा?

बाजारात साधारणपणे १ लिटर व १.८ लिटर या मापाचे कुकर अधिक आढळतात. परंतु लिटरचा आकडा कधी कच्च्या तांदळाचा असतो, तर कधी भांड्याच्या एकूण मापाचा. म्हणून दुकानदारास, ‘यात एका वेळी कच्चे तांदूळ किती शिजतात?’ असे स्पष्ट विचारावे व माहितीपत्रकावरून खात्री करून घ्यावी.

कुकरबरोबर मिळणारा पेला बहुधा १८० मिलिलिटरचा असतो व त्यात सुमारे १५० ग्रॅम तांदूळ मावतात. घरातील एका वेळच्या भातासाठी असे किती पेले लागतात, ते चार दिवस मोजून पाहावे. देशावर भाकरी हे मुख्य अन्न असल्याने पाच माणसांना दोन-तीन पेले पुरतात. तेथे लहान कुकर योग्य होय. कोकणात तेवढ्याच माणसांना चार-पाच पेले लागू शकतात. तेथे मोठा घ्यावा. भांडे काठोकाठ भरावे लागेल इतका लहान कुकर घेऊ नये, कारण फेस उतू जाऊन खालच्या विजेच्या भागात शिरतो. उलट, फार मोठ्या कुकरात मूठभर तांदूळ नीट शिजत नाहीत.

खरेदीच्या वेळी पुढील गोष्टी पाहाव्यात : भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह, तीन पिनांचा प्लग व जाड, अखंड वायर, तबकडीवर सपाट बसणारे भांडे, सुटे भांडे व दुरुस्तीची सोय जवळच्या गावी मिळण्याची शक्यता. ॲल्युमिनियमच्या भांड्यात चिंच किंवा आमसूल घातलेले आंबट पदार्थ शिजवू नयेत. आतून लेप दिलेले भांडे असल्यास लाकडी पळी वापरावी; लोखंडी उलथन्याने लेप निघतो.

विजेचा हिशेब

लहान कुकरास सुमारे ४०० वॅट व मोठ्यास सुमारे ७०० वॅट वीज लागते. १,००० वॅटचे साधन एक तास चालले म्हणजे एक युनिट होते. ७०० वॅटचा कुकर अर्धा तास चालल्यास ०.३५ युनिट खर्च होईल. दिवसातून दोन वेळा वापरल्यास महिन्यास सुमारे २१ युनिटे होतात. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात. त्यामुळे आपला वापर १०० युनिटांच्या आसपास असेल, तर ही वाढीव युनिटे वरच्या दराने आकारली जाण्याचा संभव असतो. जुने बिल समोर ठेवून हा हिशेब आधीच करावा.

खटका उडाल्यावर बहुतेक कुकर पूर्ण बंद होत नाहीत. भात गरम ठेवण्यासाठी ते थोडी वीज घेतच राहतात. हा वापर ४० वॅट धरला, तरी आठ तासांत ०.३२ युनिट होते, म्हणजे दुसऱ्यांदा भात शिजविण्याइतकीच वीज गेली. म्हणून भात वाढून झाल्यावर भिंतीवरील बटण बंद करून प्लग काढावा.

पुष्कळ गावांत संध्याकाळी विजेचा दाब उतरतो. दाब २३० ऐवजी १८० व्होल्ट असल्यास ७०० वॅटच्या कुकरला सुमारे ४३० वॅटइतकीच उष्णता मिळते. भात शिजण्यास वेळ लागतो, तांदूळ कोमट पाण्यात फार वेळ राहतात व भात गिच्च होतो. असा अनुभव येत असल्यास रात्रीचा भात दाब उतरण्यापूर्वी लावावा.

तिसरी पिन तोडू नये

या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना हीच होय. कुकरचे अंग धातूचे असते व स्वयंपाकघरातील जमीन पुष्कळदा ओली असते. आतील वायर झिजून धातूला टेकल्यास संपूर्ण कुकरात वीज उतरते. अशा वेळी अर्थिंग चांगले असेल तर वीज जमिनीत निघून जाते व फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल तर ती कुकरला हात लावणाऱ्या माणसाच्या शरीरातून जाते. घरातील जुन्या बोर्डात दोनच छिद्रे आहेत म्हणून प्लगची तिसरी, जाड पिन तोडून टाकण्याची किंवा वायरची उघडी टोके बोर्डात खोचण्याची रीत अनेक ठिकाणी दिसते. ही रीत प्राणघातक आहे.

बोर्डात तीन छिद्रे असली म्हणजे अर्थिंग आहेच असे समजू नये. परवानाधारक वायरमनकडून ते तपासून घ्यावे. अर्थिंगच्या खड्ड्यातील माती उन्हाळ्यात कोरडी पडते, म्हणून तीत अधूनमधून पाणी घालावे. शक्य असल्यास मीटरच्या पुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. वीज गळू लागताच तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. ७०० वॅटच्या कुकरास सुमारे ३ अँपिअर प्रवाह लागतो. एकाच लांब वायरीवर कुकर, पंखा व इस्त्री अशी साधने जोडल्यास ती वायर तापते, म्हणून कुकर भिंतीवरील पक्क्या बोर्डालाच जोडावा. लहान इन्व्हर्टरवर तो चालवू नये.

तांदळाप्रमाणे पाणी

भांड्याच्या आतील रेघा सर्वच तांदळांना लागू पडत नाहीत. नवा तांदूळ कमी पाणी घेतो व चिकट होतो. वर्षभर मुरलेला तांदूळ अधिक पाणी घेऊन फुलतो व मोकळा शिजतो. प्रारंभी पुढील मापे धरावीत. एक वाटी तांदळास वाटीचेच माप घ्यावे.

नवा इंद्रायणी किंवा आंबेमोहर : दीड ते पावणेदोन वाट्या.
जुना कोलम : दोन वाट्या.
हातसडीचा तांदूळ : अर्धा तास भिजवून अडीच वाट्या.
उकडा तांदूळ : काही तास भिजवून सुमारे तीन वाट्या, भांडे अर्ध्याहून अधिक भरू नये.

वाफेवाटे जाणारे पाणी तांदळाच्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून एक वाटी तांदूळ शिजविताना पाणी किंचित जास्त व पाच वाट्या शिजविताना हिशेबापेक्षा किंचित कमी घालावे. दोन-तीन वेळच्या अनुभवाने आपल्या घरच्या तांदळाचे नेमके माप ठरते. ते कागदावर लिहून कुकरजवळ लावावे, म्हणजे घरातील कोणासही भात लावता येईल.

तांदूळ दुसऱ्या भांड्यात धुवावेत. कुकरचे भांडे बाहेरून कोरडे पुसून मगच आत ठेवावे व डावी-उजवीकडे थोडे फिरवून तबकडीवर नीट टेकवावे. तळाखाली तांदळाचा एक दाणा अडकला, तरी भांडे तिरके बसते व खटका वेळेवर उडत नाही. भांडे आत नसताना किंवा रिकामे असताना बटण दाबू नये. खटका उडाल्यावर दहा मिनिटे झाकण उघडू नये. तेवढ्या वेळात वाफेने वरचे दाणे सारखे होतात. नंतर भात हलक्या हाताने खालीवर करावा. उडालेला खटका जबरीने पुन्हा दाबल्यास तळचा भात करपतो. सफाई करताना प्लग काढून तबकडी फक्त ओलसर फडक्याने पुसावी; कुकरचे खालचे अंग कधीही पाण्यात बुडवू नये.

लावणीच्या दिवसांत विशेष काळजी

लावणीच्या हंगामात स्त्रिया सकाळी लवकर शेतावर जातात. पहाटे भात करून तो दुपारपर्यंत कुकरातच गरम ठेवावा, असे साहजिकच वाटते. परंतु याच दिवसांत पावसामुळे वीज वारंवार जाते. शिजवूनही न मरणारे काही जंतुबीज तांदळात असतात. भात ६० अंशांहून अधिक गरम असेपर्यंत ते वाढत नाहीत. भात कोमट होऊन तसाच राहिला की ते झपाट्याने वाढतात व त्यांचे विष भातात उतरते. हे विष भात पुन्हा गरम केल्याने नाहीसे होतेच असे नाही. अशा भाताने उलट्या व जुलाब होतात. भाताला वास आला नाही म्हणजे तो चांगला, ही समजूतही बरोबर नाही.

म्हणून वीज गेल्यावर भात दोन तासांच्या आत खाऊन संपवावा. उरणार असेल तर परातीत पातळ पसरून लवकर थंड करावा व शीतकपाट असल्यास त्यात ठेवावा. वीज केव्हा गेली व केव्हा आली हे ठाऊक नसल्यास तो भात मुलांना व वृद्धांना देऊ नये. यापेक्षा सोपा मार्ग असा की, तांदूळ मोजून तयार ठेवावेत व शेतावरून परतताच कुकर लावावा. हातपाय धुऊन, गुरांना वैरण घालून होईतो ताजा भात तयार होतो. घराला कुलूप लावून कुकर चालू ठेवून जाणे मात्र केव्हाही टाळावे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला बचत गटाच्या बैठकीत याचे प्रात्यक्षिक घ्यावे. त्या गावात पिकणारा तांदूळ घेऊन तो तीन निरनिराळ्या मापांच्या पाण्यात शिजवून दाखवावा, व उपस्थित स्त्रियांच्या पसंतीस उतरलेले माप फळ्यावर लिहावे. प्रात्यक्षिकापूर्वी त्या जागेचे अर्थिंग वायरमनकडून सर्वांसमक्ष तपासून घ्यावे, म्हणजे आपल्या घरीही तसे करावयास हवे हे लोकांच्या मनावर ठसेल. ज्या घरात अर्थिंग नाही, त्या कुटुंबास आधी वायरिंग दुरुस्त करण्याचा व नंतरच कुकर घेण्याचा सल्ला द्यावा. कुकरसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून पहिला खर्च अर्थिंगचा व्हावा.